मायल्स किओ : पोपच्या पदकापासून लिटल बिगहॉर्नपर्यंत

१८६० च्या उन्हाळ्यात आयर्लंडमधून हजाराहून अधिक तरुण इटलीच्या वाटेला लागले. परक्या राजाच्या फौजेत भरती व्हायला ब्रिटिश प्रजाजनांना कायद्याने बंदी होती, म्हणून कुणी रेल्वेच्या कामावर निघालेला मजूर झाला, कुणी यात्रेकरू. सगळ्यांना जायचे एकाच ठिकाणी होते. पोप नववे पायस यांची राज्ये गिळायला सार्डिनियाची फौज टपली होती आणि पोपने कॅथलिक जगाला हाक घातली होती. तिला ओ देणाऱ्यांत कार्लो परगण्यातला वीस वर्षांचा मायल्स किओ होता.

सोळा वर्षांनंतर, २५ जून १८७६ रोजी, तोच किओ अमेरिकेच्या माँटॅना प्रदेशात, लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या एका उघड्या उतारावर मारला गेला. तोवर त्याने पोपची चाकरी केली होती, अमेरिकेचे यादवी युद्ध लढले होते, दोनदा शत्रूच्या कैदेत राहून सुटला होता आणि सातव्या घोडदळाच्या ‘आय’ कंपनीचा कॅप्टन झाला होता. त्याच्या शौर्याविषयी शंका घ्यायला कुठेही जागा नाही. ते शौर्य कुणाच्या कामी आले, हे मात्र दर वळणावर नव्याने विचारावे लागते. किओच्या बहुतेक गौरवकथा हा दुसरा प्रश्न विचारतच नाहीत. आजच्या व्याख्यानात तो टाळायचा नाही.

किओचा जन्म २५ मार्च १८४० चा, बॅरो नदीकाठच्या लॉकलिनब्रिज या गावातला. तो पाच वर्षांचा असताना बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथीने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. भाडे थकलेल्या कुळांना जमीनदारांनी घराबाहेर काढले आणि ती परत येऊ नयेत म्हणून झोपड्यांची छपरे पाडली. त्याच वर्षांत आयर्लंडमधले धान्य आणि जनावरे जहाजांवर चढून बाहेर जातच होती. किओचे घराणे खाऊनपिऊन सुखी होते, मुलाला कार्लोच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात घालण्याची ऐपत त्यांच्यात होती. तरीही त्या काळातल्या मुलाने रस्त्यावर काय पाहिले असेल हे सांगायला साक्षीदार लागत नाही. मोठ्या कुटुंबातल्या धाकट्या मुलाला जमिनीचा आधार नसे. पाद्री व्हायचे, बोटीत बसायचे किंवा तलवार धरायची, एवढेच मार्ग उरत.

तलवारीचा मार्ग तर पिढ्यान्‌पिढ्या मळलेला होता. १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला गेले. त्यांना आणि त्यांच्यामागून युरोपच्या फौजांत गेलेल्यांना आयरिश माणूस ‘रानहंस’ म्हणतो. ही जात मराठ्यांच्या इतिहासालाही अनोळखी नाही. टिपरेरीचा जॉर्ज थॉमस खलाशी म्हणून हिंदुस्थानात आला, बेगम समरूच्या आणि मग आप्पा खंडेराव या मराठा सरदाराच्या पदरी राहिला, हांसीला त्याने स्वतःचे छोटे राज्यच मांडले आणि १८०१ साली शिंद्यांच्या कवायती फौजेपुढे ते गमावले. आपल्या देशात ज्याला राज्य नाही, तो दुसऱ्याच्या राज्यासाठी लढतो. किओ त्याच वाटेने गेला.

इटलीत त्याला सेंट पॅट्रिक बटालियनमध्ये सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला आणि नेमणूक झाली आंकोना बंदरावर. सप्टेंबर १८६० मध्ये कास्तेलफिदार्दोच्या लढाईत पोपची मुख्य फौज मोडली आणि सार्डिनियाने आंकोनाला जमिनीवरून आणि समुद्रातून वेढा घातला. २९ सप्टेंबरला ते शहर पडले. आयरिश शिपायांची रवानगी जेनोआच्या कैदेत झाली. सुटल्यावर बहुतेक जण घरी परतले. किओ मात्र रोमला गेला आणि तिथे उरलेल्या आयरिश कंपनीत राहिला.

हरलेल्या पोपने आपल्या सैनिकांना ‘प्रो पेत्री सेदे’ हे पदक दिले. वर्तुळाकार कड्यात उलटा क्रूस, असा त्याचा घाट. संत पीटरला उलटे टांगून क्रूसावर चढवले अशी श्रद्धा आहे, म्हणून तो क्रूस उलटा. किओला त्यासोबत संत ग्रेगरीच्या नावाचा क्रूसही मिळाला. पुढे अमेरिकन गणवेशात काढलेल्या छायाचित्रांतही ही पदके त्याच्या छातीवर दिसतात. ज्या देशाच्या सैन्यात कॅथलिक स्थलांतरिताकडे संशयाने पाहणारे पुष्कळ होते, तिथे पोपची पदके उघड मिरवणे ही साधी गोष्ट नव्हती.

अमेरिकेत त्याला नेले ते एका आर्चबिशपच्या मध्यस्थीने. यादवी युद्ध पेटले होते आणि लिंकनच्या सरकारला अनुभवी अधिकारी हवे होते. न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज, जन्माने आयरिशच, तेव्हा परराष्ट्रमंत्री सिवर्ड यांच्या सांगण्यावरून युरोपात फिरत होते. रोममधल्या बेकार होऊ घातलेल्या आयरिश अधिकाऱ्यांकडे त्यांचे लक्ष गेले. किओ आणि त्याचे सोबती राजीनामे देऊन निघाले. एप्रिल १८६२ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला आणि काही दिवसांतच केंद्राच्या फौजेत कॅप्टन झाला. पहिली नेमणूक जनरल जेम्स शील्ड्सच्या हाताखाली. शील्ड्सही मूळचा टायरोनचा. जूनमध्ये पोर्ट रिपब्लिकला बंडखोर दक्षिणेच्या स्टोनवॉल जॅक्सनने शील्ड्सच्या फौजेचा पराभव केला. म्हणजे किओच्या अमेरिकन कारकिर्दीची सुरुवातही पराभवानेच झाली.

पण त्या वर्षाच्या अखेरीस त्याला जो सेनापती मिळाला, त्याने त्याचे आयुष्य घडवले. जॉन ब्यूफर्ड. केंटकीत जन्मलेला, कमी बोलणारा, भपक्याचा तिटकारा असलेला घोडदळाचा अधिकारी. किओ त्याचा एडीसी झाला. एडीसी म्हणजे टेबलापाशी बसणारा कारकून नव्हे. तार नाही, फोन नाही, धुरात दोनशे पावलांवरचे दिसत नाही, अशा रणात सेनापतीचा हुकूम घोड्यावरून नेऊन पोचवणारा माणूस. निरोप उशिरा पोचला तर पलटण कापली जाई, आणि निरोप्याला सरळ गोळीच्या माऱ्यातून जावे लागे.

३० जून १८६३ रोजी ब्यूफर्ड पेन्सिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावात शिरला तेव्हा त्याच्याजवळ घोडदळाच्या दोन ब्रिगेड होत्या, माणसे तीन हजारांच्या आसपास. समोरून दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे सारे सैन्य गोळा होत होते. गावाच्या दक्षिणेला टेकड्यांची रांग आहे. ती ज्याच्या हाती त्याची लढाई, हे ब्यूफर्डने एका संध्याकाळी ओळखले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वारांना पायउतार केले. दर चौघांतला एक जण घोडे धरून मागे थांबे, उरलेले तिघे कुंपणाआड पसरून मागून भरता येणाऱ्या कार्बाइनी झाडत. चेंबर्सबर्गच्या रस्त्याने लीच्या हेथ या सेनापतीच्या डिव्हिजनचे पायदळ येत राहिले आणि हे मूठभर स्वार त्यांना एकेका उंचवट्यावर अडवत, हळूहळू मागे हटत राहिले. जनरल रेनल्ड्सचे पायदळ येईपर्यंत अडीच-तीन तास त्यांनी रस्ता रोखून धरला. रेनल्ड्स त्याच सकाळी पडला, पण टेकड्या वाचल्या, आणि पुढच्या दोन दिवसांचे युद्ध त्याच टेकड्यांवरून जिंकले गेले. गुलामगिरीवर उभ्या असलेल्या राज्याचा कणा तिथे वाकला. किओच्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ दिवस कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर १ जुलै १८६३ हेच द्यावे लागेल.

त्या कामगिरीबद्दल त्याला मेजरची ब्रेव्हेट मिळाली. ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा. नाव मोठे, पण पगार आणि जागा जुनीच. त्या युद्धात अमेरिकन भूदलाजवळ लढाऊ पदक एकच होते, मेडल ऑफ ऑनर. ते सुरुवातीला फक्त शिपायांसाठी होते आणि अधिकाऱ्यांना खुले झाले मार्च १८६३ मध्ये. अधिकाऱ्याच्या पराक्रमाची नोंद होई ती मुख्यतः ब्रेव्हेटमधून. किओला पुढे जॉर्जियातल्या लढाईबद्दल लेफ्टनंट कर्नलचीही ब्रेव्हेट मिळाली.

डिसेंबर १८६३ मध्ये ब्यूफर्ड विषमज्वराने वॉशिंग्टनला अंथरुणाला खिळला. मृत्यूपूर्वी काही तास लिंकनच्या सहीने त्याची मेजर जनरलची बढती आली. किओ अखेरपर्यंत त्याच्या उशाशी होता. वेस्ट पॉइंटला दफन झाल्यावर त्याने आपल्या सेनापतीच्या कारकिर्दीचा एक वृत्तांत लिहिला. किओ कारणांपेक्षा माणसांशी बांधला जाणारा होता, हे त्याच्या चरित्रात इथे सर्वांत ठळक दिसते. पोप, ब्यूफर्ड, मग जॉर्ज स्टोनमन. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्यासाठी तो जीव द्यायला तयार असे. आपल्याकडच्या बखरींना हा गुण अपार प्रिय आहे. पण अशी निष्ठा धन्याला न्यायाची कसोटी लावत नाही, हेही त्याच बखरी वाचताना जाणवते.

जुलै १८६४ मध्ये किओचा नवा सेनापती स्टोनमन याने जॉर्जियात खोलवर धाड घातली. अँडरसनव्हिलच्या छावणीत हजारो केंद्रीय कैदी उपासमारीने मरत होते, त्यांना सोडवण्याचा त्याचा इरादा होता. ते साधले नाही. ३१ जुलैला सनशाइन चर्चजवळ कोंडी झाली. आपल्या इतर तुकड्यांना निसटता यावे म्हणून स्टोनमन मागे थांबून लढला आणि शेवटी शरण गेला. त्याच्याबरोबर किओही पकडला गेला. दोन महिन्यांनी कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला आणि युद्ध संपेपर्यंत पुन्हा खोगिरात होता.

१८६५ नंतर स्वयंसेवकांचे प्रचंड सैन्य विसर्जित झाले. लेफ्टनंट कर्नल म्हणवणाऱ्या किओला कायम सैन्यात आधी सेकंड लेफ्टनंट व्हावे लागले. जुलै १८६६ मध्ये नव्याने उभारलेल्या सातव्या घोडदळात त्याला कॅप्टनची जागा मिळाली. १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या सैनिकाला एका वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येई. किओ १८६९ मध्ये अमेरिकन नागरिक झाला.

सातव्या घोडदळात आयरिश आणि जर्मन स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. महिन्याला तेरा डॉलर, कोंडा मिसळल्यासारखी बिस्किटे, खारवलेले डुकराचे मांस आणि कॅन्ससच्या वाळलेल्या माळावरची ठाणी. पळून जाणाऱ्या शिपायांची संख्या लढाईत मरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असे. रेजिमेंटची कूच करतानाची धून ‘गॅरिओवेन’ ही लिमरिकची, आणि ती आणल्याचे श्रेय परंपरा किओला देते. तो एकटा, अविवाहित होता. उदासीचे झटके येत आणि तो दारू फार पिई, हे रेजिमेंटमधल्यांनी लिहून ठेवले आहे. भाऊ टॉमला तो आयर्लंडला पत्रे पाठवी. किल्केनीतली क्लिफ्डनची इस्टेट मावशीकडून त्याच्याकडे आली, तेव्हा १८७४ मध्ये रजेवर जाऊन त्याने ती बहीण मार्गारेटच्या नावे करून दिली. परतून जमीनदार होण्याची संधी त्याने आपणहून सोडली.

मूळ रहिवाशांविरुद्धच्या सातव्या घोडदळाच्या गाजलेल्या मोहिमांत तो बहुधा नसायचाच. नोव्हेंबर १८६८ मध्ये रेजिमेंटचे नेतृत्व करणाऱ्या जॉर्ज कस्टरने वॉशिता नदीकाठी ब्लॅक केटलच्या शायान वस्तीवर पहाटे हल्ला केला, तेव्हा किओ जनरल सलीच्या हाताखाली दुसरीकडे होता. १८७४ ची ब्लॅक हिल्सची मोहीम निघाली तेव्हा तो रजेवर होता. पण याच मोहिमेने त्याचे मरण ठरवले.

१८६८ च्या फोर्ट लारामीच्या तहाने ब्लॅक हिल्स हे लाकोटा या मूळ रहिवाशांच्या राखीव मुलखात होते. तो त्यांचा पवित्र डोंगर, ‘पहा सापा’. कस्टरच्या मोहिमेने तिथे सोने असल्याची बातमी आणली आणि खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारने डोंगर विकत मागितला, लाकोटांनी नकार दिला. मग डिसेंबर १८७५ मध्ये फर्मान निघाले: ३१ जानेवारीपर्यंत सगळ्यांनी सरकारी एजन्सीच्या ठाण्यांवर हजर व्हावे, न येणारे शत्रू समजले जातील. ऐन हिवाळ्यात, बर्फात विखुरलेल्या टोळ्यांना मुलाबाळांसह एवढे अंतर कापणे शक्य नव्हते, आणि ते फर्मान काढणाऱ्यांना ठाऊक होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्लॅक हिल्स अन्यायाने घेतल्याचे मान्य करून व्याजासह दहा कोटींहून अधिक डॉलरची भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती आजवर घेतलेली नाही. त्यांना डोंगर हवा आहे.

त्या फर्मानानंतर १८७६ मध्ये निघालेल्या मोहिमेचा सूत्रधार जनरल फिलिप शेरिडन. त्याचे आईवडील कॅव्हन परगण्यातले आयरिश स्थलांतरित. इथे आयर्लंडच्या प्रत्येक इतिहासप्रेमी माणसाला थांबावे लागते. १८४७ साली, किओ सात वर्षांचा असताना, स्वतः घरदार गमावलेल्या मूळ अमेरिकन चॉक्टॉ लोकांनी आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर गोळा करून पाठवले होते. त्यांना मिसिसिपीतून हाकलून अजून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. हाकललेल्यांनी हाकललेल्यांना ओळखले. त्याच दुष्काळातून वाचलेली आयरिश मुले पुढे निळा गणवेश घालून दुसऱ्यांची घरे उठवायला गेली. भाकरीसाठी गेली, नव्या देशात मान मिळावा म्हणून गेली, हे सगळे खरे. त्याने लाकोटांवरचा अन्याय कणभरही कमी होत नाही.

२५ जून १८७६ च्या दुपारी कस्टरने रेजिमेंटचे भाग पाडले. तीन कंपन्या हाताखालच्या रेनो या अधिकाऱ्याकडे, तीन बेंटीन या दुसऱ्याकडे, एक सामानाच्या खेचरांबरोबर, पाच स्वतःकडे, त्यांत किओची ‘आय’ कंपनी. नदीकाठी लाकोटा आणि शायानांची हजारो माणसांची छावणी होती, सिटिंग बुल आणि क्रेझी हॉर्स हे लाकोटांचे नेते तिथे होते. कस्टरसोबत अखेरपर्यंत असलेला एकही सैनिक वाचला नाही. सुमारे २१० जण. १९८३ साली त्या माळाला वणवा लागून गवत जळाले आणि पुरातत्त्वज्ञांनी जमीन चाळून काढली. काडतुसांच्या पुंगळ्यांवरून कोणती बंदूक कुठून कुठे सरकली ते त्यांनी शोधले. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनी होत्या, समोरच्या अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या ओळीने गोळ्या झाडणाऱ्या बंदुका. किओच्या उतारावर सैनिकांच्या काडतुसांच्या पुंगळ्या थोड्याच सापडल्या. तिथली फळी लवकर मोडली असा अर्थ त्यांतल्या काही अभ्यासकांनी लावला. भव्य अखेरच्या झुंजीच्या चित्रांपेक्षा हे चित्र जास्त करुण आहे आणि जास्त पटणारे.

तीन दिवसांनी प्रेते पुरायला आलेल्यांना किओ त्याच्या कंपनीच्या घोळक्यात सापडला, सार्जंट आणि बिगुलवाला शेजारी. डाव्या गुडघ्याचा चुरा झाला होता. कपडे काढून नेले होते, पण आजूबाजूच्या अनेकांसारखी त्याच्या देहाची विटंबना झाली नव्हती. गळ्यात कॅथलिकांचा ‘आग्नुस देई’ हा ताईत तसाच होता. ती वस्तू शक्तीची खूण मानून विजेत्यांनी हात लावला नसावा, असे तेव्हापासून म्हटले जाते.

मोहिमेवर निघण्याआधी त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या मार्टिन कुटुंबाला आपल्या दफनाविषयी लिहिले होते. त्याचा मित्र अँड्र्यू अलेक्झांडर या कुटुंबाचा जावई, आणि त्याच्यामुळे त्या घरात किओला आपलेपणा मिळाला होता. ऑक्टोबर १८७७ मध्ये माँटॅनातून आणलेले त्याचे अवशेष ऑबर्नच्या फोर्ट हिल दफनभूमीत ठेवले गेले. माँटॅनातल्या एका लष्करी ठाण्याला त्याचे नाव मिळाले. आज फोर्ट किओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जागेवर सरकारी पशुधन संशोधन केंद्र चालते.

लोकांच्या ध्यानात मात्र त्याच्याहून जास्त राहिला त्याचा घोडा. कोमांची. रणावर तो अनेक जखमांनी माखलेला सापडला आणि त्याची एक जखम किओच्या गुडघ्याशी जुळत होती. ‘फार वेस्ट’ या वाफेच्या बोटीने त्याला खाली आणले, त्याची शुश्रूषा झाली, आणि १८७८ मध्ये सातव्या घोडदळाच्या कर्नल स्टर्जिसने हुकूम काढला की त्याच्यावर यापुढे कुणीही स्वार होऊ नये. स्टर्जिसचा स्वतःचा मुलगा त्याच लढाईत पडला होता. १८९१ मध्ये घोडा मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरला गेला. तो १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडला होता, आज कॅन्सस विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. ‘लढाईतला एकमेव जिवंत’ अशी त्याची ख्याती होती. ती खोटी होती. त्या दिवशी हजारो लाकोटा आणि शायान जिवंत राहिले, सैन्याचे कित्येक घोडेही त्यांच्या हाती लागले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठातल्या मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांनी हा आक्षेप घेतला आणि संग्रहालयाला फलकावरचा मजकूर बदलावा लागला.

रणभूमीचेही तसेच झाले. १८९० मध्ये सैन्याने सैनिक पडल्याच्या जागी पांढरे संगमरवरी दगड रोवले, किओचा दगड पूर्वेच्या उतारावर त्याच्या माणसांच्या दगडांत आहे. जागेचे नाव कस्टरवरून ठेवलेले होते, ते १९९१ मध्ये बदलून लिटल बिगहॉर्न झाले. १९९९ पासून तिथे लाल ग्रॅनाइटचे दगडही उभे राहू लागले, शायान आणि लाकोटा योद्धे पडले त्या ठिकाणी. पहिल्यांपैकी एक शायान योद्धा लेम व्हाइट मॅनचा. या जागा कुठल्याही लष्करी नकाशात नव्हत्या. घरच्यांनी तिथे रचलेल्या दगडांच्या ढिगांवरून आणि तोंडी सांगत आलेल्या आठवणींवरून त्या ठरवल्या गेल्या, आणि नव्या कुटुंबांची साक्ष मिळत गेली तसतसे आणखी लाल दगड लावले गेले.